रत्नागिरीचं दीपगृह आतून पाहायचंय? परवानगी, वेळ आणि कागदपत्रं

रत्नदुर्ग किल्ल्यावर भगवती देवीचं दर्शन घेऊन बाहेर आलं, की समोरच्या टेकाडावर दीपगृह दिसतं आणि प्रश्न ठरलेला असतो, "वर सोडतात का हो?" सोडतात. पण ते पर्यटकांसाठी बांधलेलं नाही. 1867 पासूनचं हे दीपगृह आजही चालू आहे, त्यामुळे इथले नियम पाहुण्यांच्या नाही, दिव्याच्या सोयीने ठरतात.

मालकी केंद्र सरकारच्या दीपस्तंभ व दीपनौका महासंचालनालयाची. नगरपरिषद, तहसील कार्यालय किंवा मेरीटाइम बोर्डात विचारायला गेलात तर नुसता हेलपाटा पडेल.

घरच्या चार माणसांना अर्जबिर्ज लागत नाही. फाटकावर तिकीट काढायचं, वहीत नाव लिहायला सांगितलं तर लिहायचं आणि वर जायचं. कॅमेऱ्याचे पैसे वेगळे, परदेशी पाहुण्यांचा दरही वेगळा. दर बदलत असतात, फाटकावरचा फलक बघूनच पैसे काढा. आधार किंवा दुसरं कुठलंही फोटोचं ओळखपत्र खिशात असू द्या. परदेशी पाहुण्यांनी पासपोर्ट. बाकी, जहाजं बंदरात आली की दीपगृहांसाठीची पट्टी भरतात, खरा खर्च त्यातून चालतो. आपलं तिकीट नाममात्रच.

वेळ मात्र नीट समजून घ्या. दीपगृहांत प्रवेश सहसा दुपारी उशिरा, चारच्या सुमारास सुरू होतो आणि सूर्यास्ताआधी सगळ्यांना खाली उतरवतात. दिवा लागताना वर गर्दी नको, एवढंच कारण. म्हणजे वरून मावळतीचा फोटो काढायचा बेत असेल तर तो सोडाच. त्यासाठी किल्ल्याचा तट बरा. पावसाळ्यात, सोसाट्याचा वारा असला किंवा दुरुस्ती चालू असली तर परत फिरावं लागतं, आणि तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो.

वयाची अट विचारत बसण्यापेक्षा गुडघ्यांना विचारा. जिना गोल आणि अरुंद, समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागतं. लहान मुलांचा हात सोडू नका. वर भिंगाला बोट लावायचं नाही. काचेवर चिकट ठसा राहिला तर पुसायचं काम तिथल्या माणसाच्या माथी येतं. मोडतोड झालीच तर गोष्ट दटावण्यावर थांबत नाही. दीपगृहांसाठीच्या 1927 च्या जुन्या कायद्याच्या जागी 2021 मध्ये नवा कायदा आला आहे आणि त्यातही शिक्षेची तरतूद आहे.

शाळेची सहल असेल तर दीपगृहावर आधी पत्र द्या. शाळेच्या लेटरहेडवर तारीख, मुलांची संख्या, सोबतचे शिक्षक आणि एक मोबाईल नंबर. खाली मुख्याध्यापकांची सही-शिक्का. पत्र दोन प्रतींत न्या आणि एकीवर पोच घ्या. सगळी मुलं एकदम वर मावत नाहीत, तेव्हा गट पाडूनच जा.

प्री-वेडिंग, जाहिरात किंवा मालिकेचं चित्रीकरण फाटकावरच्या तिकिटात बसत नाही. त्यासाठी महासंचालनालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा लागतो. कथेचा गोषवारा, माणसांची यादी आणि सामानाची यादी सोबत जोडा. ड्रोनचं प्रकरण आणखी वेगळं: ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर जागा कुठल्या झोनमध्ये येते ते तपासा, आणि ती हिरव्या, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या झोनमध्ये असली तरी दीपगृहाच्या आवारातून उडवण्याआधी तिथल्या प्रभारींना विचारा.