तमालचं सारण शाकाहारी, पीठ मात्र नाही

टेक्सस किंवा कॅलिफोर्नियात काही वर्षं काढलेल्या शाकाहारी मराठी माणसाला मेक्सिकन गाडीवर काय विचारायचं ते पाठ झालेलं असतं. ‘आत चिकन नाही ना?’ एवढ्यावर तमालच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या भरल्या वळकटीच्या, बाबतीत भागत नाही. ‘पिठात मांतेका आहे का?’ हेही विचारावं लागतं. मांतेका म्हणजे डुकराची चरबी. कणसाच्या वाळलेल्या पानात गुंडाळून वाफवलेल्या त्या वळकटीच्या पोटात नुसती मिरची आणि चीज असलं, तरी भोवतीचं लुसलुशीत पीठ बहुतेक वेळा या चरबीत फेटलेलं असतं.

घरी तमाले करू पाहणाऱ्यांसाठी भाजी-चीजच्या सारणाच्या पाककृती आता ढिगाने मिळतात. त्यांतल्या बऱ्याच जणींचा सूर असा, की शाकाहारी तमाल ही आजच्या आरोग्यवादी पिढीने काढलेली टूम आहे. इतिहास जवळपास उलटा आहे. भाजीचं तमाल फार जुनं. चरबी आणि चीज हे दोघे नंतरचे पाहुणे, आणि आले ते एकाच लोकांच्या जहाजांतून.

सुरुवात अर्थात मक्यापासून. नैर्ऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाचं एक रानगवत उगवतं. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी त्याचं बी निवडून निवडून पेरत मका घडवायला सुरुवात केली. पण मक्याचा दाणा टणक, साल चिवट, आणि नुसता दळला तर पीठ मळताना एकजीव होत नाही. मक्याची भाकरी थापणाऱ्या कुणालाही तिच्या भेगा ठाऊक आहेत. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या लोकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे चुना. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर त्यातच मुरू द्यायचे, सकाळी चोळून धुऊन साल काढायची आणि ओलेच दाणे दगडी पाट्यावर वाटायचे. किलोभर मक्याला साधारण १० ग्रॅम चुना लागतो. हा चुना म्हणजे पानवाल्याच्या डबीतलं तेच रसायन, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. जिथे चुना नव्हता तिथे लाकडाची राख वापरली जाई. अशा दाण्याला निश्तमाल म्हणतात आणि वाटलेल्या गोळ्याला मासा. ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर या पद्धतीचे इ.स.पू. १५०० ते १२०० च्या दरम्यानचे पुरावे सापडले आहेत.

चुन्याने पीठ चिकट होतं, कणसाच्या पानावर नीट पसरतं, एवढाच फायदा असता तरी तो थोडा नव्हता. पण खरी कमाल वेगळीच आहे. मक्यातलं नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, दाण्यात अशा रूपात बांधलेलं असतं की शरीराला ते फारसं मिळत नाही. चुन्यात शिजवल्यावर ते मोकळं होतं. युरोपने अमेरिकेतून मका नेला आणि ही पाककृती तिथेच सोडली. त्याची किंमत गरिबांनी मोजली. उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये मक्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांच्या अंगावरचे लालसर, खरखरीत चट्टे नोंदवले. हाच पेलाग्रा, नायसिनच्या कमतरतेचा रोग. पुढे उत्तर इटलीत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने थैमान घातलं. १९३७ मध्ये अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनराड एल्व्हेयम यांनी नायसिन हा त्यावरचा इलाज असल्याचं दाखवलं. आपल्याकडेही हा रोग परका नाही. दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधल्या पेलाग्राचा अभ्यास १९६० च्या सुमारास हैदराबादला पोषणतज्ज्ञ सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. मेक्सिकोत मात्र हजारो वर्षं मका खाऊनही तो असा पसरला नाही. कुठल्या बाईने पहिल्यांदा मक्यात राख टाकली कोण जाणे, पण तिचं नाव माहीत असतं तर पुतळे उभारायला हरकत नव्हती.

निश्तमालचं पीठ थापून तव्यावर टाकलं की तोर्तिया, पानात गुंडाळून वाफवलं की तमाल. आज तोर्तिया रोजची आणि तमाल सणाचं, असा समज आहे. माया लोकांच्या अभिजात काळात, म्हणजे साधारण इ.स. २५० ते ९०० दरम्यान, चित्र वेगळं होतं. त्यांच्या वस्त्यांच्या उत्खननात तवे क्वचितच मिळतात, आणि रंगवलेल्या भांड्यांवर थाळीत रचलेले गोल गोळे वारंवार दिसतात. हे गोळे म्हणजे तमाले, हे माया संस्कृतीचे अभ्यासक कार्ल टाउबे यांनी १९८९ मध्ये चित्रं आणि चित्रलिपी यांची सांगड घालून मांडलं. त्याहून जुना पुरावा ग्वाटेमालातल्या सान बार्तोलोचा. २००१ मध्ये तिथे सापडलेल्या, इ.स.पू. १०० च्या सुमाराच्या भित्तिचित्रात मक्याच्या देवासमोर गुडघे टेकून बसलेल्या बाईच्या हाती तमालांची टोपली आहे.

त्या टोपलीतल्या तमालांत काय भरलं होतं हे चित्रावरून कळत नाही. सारणाबद्दल भरभरून सांगणारा माणूस दीड हजारावर वर्षांनी येतो. बेर्नार्दिनो दे साआगुन हा फ्रान्सिस्कन पाद्री. मेक्सिकोतलं अस्तेक राज्य १५२१ मध्ये स्पॅनिश फौजांपुढे कोसळल्यावर त्याने म्हाताऱ्या जाणत्या लोकांना विचारून, त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत, बारा खंडांचं एक प्रचंड दफ्तर तयार करवलं. ते १५७७ च्या सुमारास पुरं झालं. सरदारांच्या पंगतीतली तमाले त्यात एकेक करून येतात: पांढरं तमाल, वर घेवड्याच्या दाण्यांचा शंखासारखा वळसा दिलेलं, तसंच पण लाल, मक्याचे दाणे पेरलेलं. टर्की, मासे यांची तमालेही आहेत. बाजारात तमाले विकणाऱ्यांचं वर्णन तर पोट धरून हसवणारं आहे. चांगला विक्रेता कोण हे सांगून झालं की वाईट विक्रेत्याची यादी सुरू होते: बेचव, शिळं, आंबलेलं गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारा.

माझ्या मते यातली सगळ्यांत मोलाची नोंद भाजीच्या तमालाची आहे. वर्षाच्या अखेरच्या इस्काल्ली महिन्यात अग्निदेवासाठी घरोघरी राजगिऱ्याच्या कोवळ्या पाल्याचं सारण भरून तमाले केली जात. केल्याबरोबर शेजाऱ्यांना वाटायची. आधी कुणाची पोचतात याची चढाओढ असे. खायची ती तोंड भाजेल इतकी गरम. सोबत झिंग्यांचं कालवण असे, त्यामुळे संपूर्ण शाकाहाराचा दावा करता येत नाही. पण तमालाच्या आत आणि पिठात प्राण्याचं काही नव्हतं. आपल्याकडे उपवासाला चालणारा राजगिरा मूळचा याच भागातला आहे.

दुसरी नोंद त्याहून चमत्कारिक. दर आठ वर्षांनी एक व्रत येई, त्यात नुसती पाण्यात भिजवलेली तमाले खायची. मीठ नाही, मिरची नाही, चुनाही नाही. कारण असं सांगितलंय की एरवी आपण मक्याला तिखट-मीठ-चुना लावून फार छळतो, तेव्हा त्याला जरा विसावा द्यावा. आणि एक लोकसमजूत: हंडीला चिकटलेलं तमाल पुरुषाने खाल्लं तर लढाईत त्याचा बाण लागत नाही, बाईने खाल्लं तर बाळंतपणात मूल चिकटून राहतं. हंडीत पाणी कमी पडू द्यायचं नाही, हे शिकवायची ही पद्धत पाकपुस्तकांपेक्षा परिणामकारक असणार.

आता चरबी. स्पॅनिश येण्याआधी तिथे डुक्कर नव्हतं, गाय नव्हती, शेळी नव्हती. दुभतं जनावरच नाही म्हटल्यावर दूध नाही, चीज नाही. तळण्याची पद्धतही जवळपास नव्हती. पीठ हलकं करायला तेकेस्कीते वापरत. तेस्कोको सरोवराच्या काठी उन्हाळ्यात जमणारा हा खार, आपल्या पापडखाराच्या जातीचा; तोमातिलो या टोमॅटोसारख्या हिरव्या फळाच्या वाळक्या सालींसह पाण्यात उकळून ते पाणी पिठात घालायचं. ही रीत काही घरांत अजून आहे. पण १५२१ नंतर डुकरं झपाट्याने वाढली आणि मांतेका स्वस्त झाली. घट्ट चरबी फेटली की पांढरी होत जाते, हवा धरून ठेवते, आणि वाफेत ती हवा फुलते. जुनं घट्ट तमाल बदलून आजचं भुसभुशीत तमाल झालं ते इथे. गुंडाळायला कणसाच्या पानाबरोबर केळीचं पानही आलं. केळ आपल्या बाजूची, आशियातली. वाहाकाची आणि युकातानची तमाले आज केळीच्या पानाशिवाय ओळखू यायची नाहीत.

गाई-शेळ्यांबरोबर चीज आलं, तसं चर्चचं पंचांगही आलं. ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. मग सणावाराचं हे खाणं त्या दिवशी कसं खायचं? उत्तर होतं मिरची आणि चीज. राहास कोन केसो, म्हणजे मिरचीच्या पट्ट्या घातलेलं चीजचं तमाल, आज मेक्सिको शहरात कुठल्याही कोपऱ्यावर मिळतं. पोब्लानो ही जाड, गडद हिरवी, बेताच्या तिखटाची मिरची थेट आचेवर साल काळी होईपर्यंत भाजायची, झाकून घाम फुटू द्यायचा, साल ओरबाडून काढायची, बिया झटकायच्या आणि बोटाएवढ्या पट्ट्या करायच्या. दोन पट्ट्या, एक चीजचा तुकडा, जमल्यास एपासोतेचं उग्र वासाचं पान. सारण इतकंच. गंमत अशी की उपासाच्या या तमालाच्या पिठातही बऱ्याचदा मांतेकाच असते. मांस निषिद्ध, चरबी चालते, असा तो हिशेब.

प्रांतोप्रांती वाटा वेगळ्या. चियापासमध्ये चिपिलीन नावाच्या पाल्याचं तमाल करतात, बरेचदा ताज्या चीजबरोबर. ही वनस्पती क्रोटालारिया कुळीतली, म्हणजे आपले शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतात त्या तागाची बहीण. मिचोआकानात पुरेपेचा लोकांच्या कोरुंदा मक्याच्या ताटाच्या लांब हिरव्या पानात गुंडाळून त्रिकोणी, कोनेदार करतात. तिथलंच उचेपो कोवळ्या कणसाचं, गोडसर, त्यावर साय, चीज आणि साल्सा. सोनोरात आणि सीमेपलीकडच्या ॲरिझोनात उन्हाळ्यात कोवळा मका आला की हिरव्या मिरचीची आणि चीजची तमाले होतात. चीजही ठिकाणागणिक बदलतं. वाहाकाचं धाग्याधाग्यांचं केसियो १८८५ मध्ये एतला भागात एका मुलीच्या हातून दही जास्त जमलं आणि तिने वर गरम पाणी ओतलं म्हणून झालं, अशी दंतकथा आहे. चिवावाचं पिवळसर चीज मात्र कॅनडातून १९२२ मध्ये येऊन वसलेल्या मेनोनाइट ख्रिश्चनांचं.

या सगळ्या खाण्याला मेक्सिकोतल्याच शिकल्यासवरल्या लोकांनी बराच काळ नाक मुरडलं. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या राजकारण्याने तर जगाची गहू, मका आणि तांदूळ खाणारे अशी विभागणी करून प्रगती फक्त गव्हाच्या नशिबी आहे असं लिहिलं. भात खाणाऱ्यांत आपणही आलोच. १९१० च्या क्रांतीनंतर मक्याला पुन्हा मान मिळू लागला.

घरचं काम हलकं केलं ते गिरणीने, आणि नंतर पुडीने. नुएवो लेओनमधल्या सेराल्वोत १९४९ मध्ये सुरू झालेल्या ग्रुमा कंपनीने निश्तमाल वाळवून त्याचं पीठ मासेका नावाने बाजारात आणलं. पाणी घाला, मळा, झालं. साध्या मक्याच्या पिठाने किंवा कॉर्नफ्लोअरने हे होत नाही, कारण त्यात चुन्याचं काम झालेलंच नसतं. पुडीवर मासा हरिना लिहिलेलं पाहावं, आणि तमालासाठीचं जाडसर असेल तर उत्तम. चरबीचा प्रश्न सुटला तोही कारखान्यातून. १९११ मध्ये अमेरिकेत क्रिस्को हे वनस्पती तेलापासूनचं घट्ट तूप आलं आणि मांतेकेला तसाच फेटता येणारा पर्याय मिळाला.

पातळ तेलाने ते साधत नाही, कारण तेल हवा धरत नाही. घट्ट वनस्पती तूप, लोणी किंवा थंडीत गोठलेलं खोबरेल घ्यावं. किलोभर ओल्या मासा-पिठाला साधारण ३०० ग्रॅम. आधी ते एकटंच पांढरं होईपर्यंत फेटायचं, मग मासा-पीठ, मीठ आणि भाज्यांचं कोमट पाणी. सुपारीएवढी गोळी गार पाण्यात टाकावी; तरंगली तर पीठ तयार, बुडाली तर आणखी फेटावं. मोदकपात्रासारखी उंच हंडी, वळकट्या उभ्या, तास-सव्वा तास वाफ. हंडीच्या तळाशी एक नाणं टाकून ठेवतात. त्याचा खुळखुळाट थांबला की पाणी संपलं. सारणात भोपळ्याची फुलं, अळंबी, पालक काहीही चालतं, फक्त आधी परतून पाणी आटवायला हवं, नाहीतर पीठ आतून गिच्च राहतं.

चीज घेताना शाकाहाऱ्याला एक शेवटची चाळणी लावावी लागते. बरीच चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. पाकिटावर सूक्ष्मजीवजन्य किंवा वनस्पतिजन्य रेनेट लिहिलेलं बघावं लागतं. त्यापेक्षा पनीर सोपं. लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेलं असल्यामुळे रेनेटचा प्रश्न येत नाही, आणि तासभर वाफेत राहूनही ते वितळून पानातून बाहेर ओघळत नाही.