यूकेत नर्स म्हणून जायचंय? एनएमसीचा अर्ज नेमका कुठे अडकतो

यूकेबाहेर शिकलेल्या नर्सला तिथे नर्स म्हणून काम करायचं तर आधी एनएमसीच्या, म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव लागतं. नर्सिंगचं शिक्षण, इंग्रजी, आणि टेस्ट ऑफ कॉम्पिटन्स पास, एवढं हवं. अकाउंट उघडा, माहिती भरा, 140 पाउंड भरा, हे कुणालाही जमतं.

घोडं अडतं ते व्हेरिफिकेशनवर. तुमचं रजिस्ट्रेशन खरं आहे आणि तुमच्यावर काही कारवाई नाही हे तुमच्या इथल्या नर्सिंग कौन्सिलने, म्हणजे जिथे तुमचं रजिस्ट्रेशन आहे तिने, थेट एनएमसीला कळवायचं असतं. थेट! पण लोक गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट हातात घेतात, स्कॅन करून स्वतःच पाठवतात आणि मग विचारतात सगळं दिलं तरी अर्ज पेंडिंग का. कौन्सिलच्या खिडकीपलीकडच्या माणसाला घाई नसते, घाई तुम्हाला असते, त्यामुळे हे तिथे कोण करतं, फी किती, वेळ किती लागतो हे इंग्रजीच्या क्लासला जाण्याआधीच विचारून ठेवा. तेव्हाच नावही तपासा. लग्नानंतर पासपोर्टवर एक नाव, कौन्सिलकडे जुनंच, यात कितीतरी चांगल्या मुली लटकतात.

आता इंग्रजी. आयईएलटीएस ॲकॅडमिकच लागते, जनरल दिलीत तर पैसे वाया. रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला 7 आणि रायटिंगला 6.5. ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा, दिली तर या तिन्हींत बी आणि रायटिंगला सी प्लस. एका फटक्यात नाही जमलं तर दोन परीक्षांचे मार्क एकत्र धरतात, पण दोन्ही 12 महिन्यांच्या आत हव्यात आणि कुठल्याच परीक्षेत फार खाली गेलेलं चालत नाही (आयईएलटीएसला रायटिंग किमान 6, बाकी 6.5). ही दुसरी अट कुणी वाचतच नाही. रिझल्ट 2 वर्षं चालतो, तेव्हा आधी परीक्षा देऊन मग निवांत कागद गोळा करणारे हमखास फसतात. पोलीस क्लिअरन्सचंही तसंच, फार लवकर काढलंत तर जुनं ठरतं.

आता टेस्ट ऑफ कॉम्पिटन्स, तिचे दोन भाग. सीबीटी कॉम्प्युटरवर, स्वतःच्या देशात देता येते. ओस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, मात्र यूकेतच, 10 स्टेशन (प्रत्येक ठिकाणी एक काम करून दाखवायचं), फी 794 पाउंड. एका अर्जावर तीनदाच देता येते, त्यामुळे ‘बघू जमतंय का’ म्हणून जाऊ नका.

रेड लिस्टबद्दल, म्हणजे ज्या देशांत जाऊन नर्स भरती करायची नाही त्यांच्या यादीबद्दल, तर नुसता गोंधळ आहे. डब्ल्यूएचओने 2010 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीसाठी आचारसंहिता केली, कारण आधीच डॉक्टर-नर्स कमी असलेल्या देशांतून माणसं उचलली जात होती. 2023 च्या यादीत असे 55 देश आहेत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया, घाना वगैरे. भारत त्यात नाही. यूके याच यादीवरून चालतं आणि बंदी आहे ती यूकेतल्या हॉस्पिटलांनी किंवा एजंटांनी या देशांत जाऊन भरती करण्यावर. यादीतल्या देशाच्या नर्सने स्वतःहून जाहिरात बघून अर्ज केला तर कुणी अडवत नाही. ‘तुमचा देश यादीत आहे, पण आमची सेटिंग आहे’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आणि नोकरी शोधून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणं यूकेच्या कायद्यात बसत नाही, मागितले तर तिथेच थांबा. ऑफर लेटरवर सही करण्याआधी नोकरी लवकर सोडली तर हॉस्पिटलने तुमच्यावर केलेल्या खर्चापैकी किती रक्कम परत द्यायची ते कलम शोधा, आणि जितके महिने काम कराल तितकी ती रक्कम कमी होत जाते की नाही ते लेखी विचारा.