पाणबुडी लहान झाली, पाणी नाही

आयझॅक असिमोव्ह यांच्या कादंबरीवरून ‘फँटास्टिक व्हॉयेज’ हा सिनेमा काढला, असं छातीठोकपणे सांगणारे वाचक पुण्यात अजूनही भेटतात. घडलं नेमकं उलटं. पटकथा आधी तयार होती आणि तिच्यावरून कादंबरी लिहून देण्याचं काम असिमोव्ह यांच्याकडे आलं. त्यांचा लिहिण्याचा झपाटा दांडगा आणि सिनेमाचं काम लांबलेलं. त्यामुळे १९६६ साली पुस्तक आधी दुकानांत आलं आणि सिनेमा काही महिन्यांनी पडद्यावर. तेव्हा जी समजूत चिकटली ती अजून निघालेली नाही.

कथा थोडक्यात अशी. एका महत्त्वाच्या शास्त्रज्ञाच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आहे आणि बाहेरून शस्त्रक्रिया करणं शक्य नाही. मग पाच माणसांसह एक पाणबुडी जीवाणूएवढी लहान करून त्याच्या रोहिणीत टोचतात. ६० मिनिटांत मेंदूपर्यंत पोचायचं, लेसरने गुठळी फोडायची आणि बाहेर पडायचं. उशीर झाला तर सगळं पुन्हा मूळ आकाराचं होणार, तेही रुग्णाच्या शरीरातच.

आमच्या कोथरूडच्या वाचनगटात नुकतंच हे पुस्तक चर्चेला होतं आणि मतं अगदी दोन टोकांची पडली. अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलाला पात्रं पुठ्ठ्याची वाटली. कोरा पीटरसन या एकुलत्या एक स्त्री तंत्रज्ञाबद्दलचे पुस्तकातले शेरे आज वाचवत नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि ते रास्तच आहे. एका काकांचं म्हणणं, सिनेमावरून लिहिलेलं पुस्तक म्हणजे उरलंसुरलं, त्यात लेखकाचं स्वतःचं काय असणार? गटातल्या निवृत्त पॅथॉलॉजिस्ट मावशींची तक्रार सगळ्यांत नेमकी होती. “अहो, डोक्यातली लसीका, म्हणजे पेशींभोवतालचा पातळ द्रव, खाली गळ्याकडे वाहते. हे लोक फुप्फुसाजवळून लसीकावाहिनीत शिरून कानाकडे निघालेत, म्हणजे प्रवाहाच्या उलटे. आणि वाटेतल्या झडपांचं काय?”

काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर आहे. या पुस्तकात लेखकाचं स्वतःचं काय असेल तर त्याने केलेली दुरुस्ती. सिनेमाच्या शेवटी पाणबुडी एका पांढऱ्या पेशीच्या पोटात जाते, माणसं डोळ्यावाटे अश्रूसोबत बाहेर येतात आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण पाणबुडी आतच आहे! पांढऱ्या पेशीने ती पचवली म्हणून तिचे अणू नाहीसे होत नाहीत. वेळ संपली की ते मूळ आकाराला येणार आणि रुग्णाच्या चिंधड्या उडणार. असिमोव्ह बोस्टन विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांना ही चूक चालणं शक्य नव्हतं. त्यांच्या कादंबरीत नायक त्या पांढऱ्या पेशीला डिवचून आपल्या मागे यायला लावतो आणि पोटातल्या अवशेषांसकट ती पेशीही डोळ्यावाटे बाहेर निघते. वस्तुमानाचा हिशोब चुकवायचा नाही, एवढ्या एका आग्रहापायी त्यांनी शेवट बदलून घेतला. हे मला फार मोलाचं वाटतं.

गटात सगळ्यांत जास्त वेळ गेला तो ‘माणूस लहान करणार कसा’ या वादात. असिमोव्ह यांनाही हा प्रश्न छळत असावा. १९८७ साली त्यांनी याच विषयावर नवी, स्वतंत्र कादंबरी लिहिली आणि तिच्यात प्लँकचा स्थिरांक, म्हणजे अणूंच्या जगातली मापं ठरवणारा निसर्गातला एक ठरलेला आकडा, कमी करण्याची कल्पना वापरली. अणूची त्रिज्या या स्थिरांकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे स्थिरांक हजारपटीने कमी केला की अणू दहा लाखपटीने आकसेल. मात्र त्याच वेळी इलेक्ट्रॉनची बंधनऊर्जा, म्हणजे त्याला अणूतून सोडवायला लागणारी ऊर्जा, दहा लाखपटीने वाढेल. हायड्रोजनची १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ही ऊर्जा १.३६ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टवर जाईल, आणि हा आकडा अणुकेंद्रातल्या घडामोडींचा आहे. तेव्हा लहान करणं ही कल्पित कथेला दिलेली सूट समजावी आणि पुढे जावं. मला खरं बोलायचं आहे ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल, कारण तिथे कुठलीच सूट लागत नाही. पाणबुडी लहान केली तरी पाणी तेच राहतं, आणि सिनेमावाले काय, असिमोव्ह काय, दोघांच्याही पाणबुड्या आत गेल्यावर समुद्रात असल्यासारख्या चालतात.

द्रवातून पुढे सरकणाऱ्या वस्तूचा दोन गोष्टींशी संबंध येतो. एक तिचं जडत्व, म्हणजे मिळालेला वेग टिकवून ठेवण्याची प्रवृत्ती. दुसरी द्रवाची श्यानता, म्हणजे चिकटपणामुळे होणारा विरोध. या दोघांत वरचढ कोण, हे सांगणारा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स अंक. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली मँचेस्टरला काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून केलेल्या प्रयोगांवरून हे नाव पडलं. वेग गुणिले लांबी गुणिले घनता, भागिले श्यानता, एवढंच त्याचं सूत्र. टिळक तलावावर सकाळी पोहणाऱ्या माणसासाठी हा अंक दहा लाखांच्या आसपास येतो. तिथे जडत्वाचं राज्य आहे, म्हणून हात मारून थांबलं तरी माणूस पुढे सरकत राहतो.

आता आकार कमी करत चला. लांबी दहापटीने घटली की वस्तुमान हजारपटीने घटतं, कारण ते घनफळावर अवलंबून असतं. तोच वेग ठेवला तर चिकट विरोध मात्र दहापटीनेच घटतो. प्रत्येक पायरीला जडत्व शंभरपटीने मागे पडतं. मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या आणि सेकंदाला ३० मायक्रॉन पोहणाऱ्या जीवाणूपर्यंत आलात की रेनॉल्ड्स अंक ०.००००३ होतो, म्हणजे जडत्व जवळपास नाहीसंच झालं. माणसाला हा अनुभव घ्यायचा तर टिळक तलावात पाण्याऐवजी मध भरावा लागेल आणि त्यात तासाला फक्त अर्धा मिलिमीटर या वेगाने पोहावं लागेल.

असा जीवाणू पोहायचा थांबला तर किती पुढे घसरत जाईल? एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ साली छापून आलेल्या एका व्याख्यानात हे गणित मांडलं. उत्तर आहे ०.१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मायक्रॉनचा दहा हजारावा भाग). हायड्रोजनच्या एका अणूचा व्यास याच्या दहापट असतो! इंजिन बंद होताच पाणबुडी जागच्या जागी थांबते. मागच्या क्षणी काय केलं होतं याला काडीचीही किंमत उरत नाही, या क्षणी लागू असलेलं बल तेवढं खरं.

यातून एक विलक्षण गोष्ट निघते. जडत्व नसेल तर द्रवाच्या समीकरणांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ हा भेद राहत नाही. एखादी हालचाल केली आणि तीच हालचाल उलट क्रमाने पुन्हा केली, तर द्रव आणि तुम्ही दोघंही मूळ जागी परत येता. हालचाल सावकाश केली की भराभर, याने फरक पडत नाही. उघडझाप करणारा शिंपला समुद्रात पटकन मिटतो, हळू उघडतो आणि पुढे जातो. जीवाणूएवढा शिंपला जन्मभर उघडझाप करत बसला तरी जागचा हलणार नाही.

हे ऐकून गटातल्या लोकांना पटेना, म्हणून मी तिथेच करून दाखवलं. एक मोठा पारदर्शक प्लास्टिकचा पेला घेतला आणि त्यात मधोमध एक लहान पेला ठेवला. दोघांमधल्या फटीत औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन ओतलं. थोड्या ग्लिसरीनमध्ये खायचा लाल रंग कालवून सिरिंजने त्याचा एक ठिपका मधोमध सोडला. रंग आधी ग्लिसरीनमध्येच कालवायचा, नाहीतर ठिपका तळाशी बसतो किंवा वर येतो. मग आतला पेला हळूहळू तीन वेढे फिरवला. ठिपका ताणला गेला, त्याची फिकट पट्टी झाली, मग पट्टीही दिसेनाशी झाली. रंग मिसळला असंच कुणीही म्हणेल. आता तितकेच तीन वेढे उलटे. दुसऱ्या वेढ्याला पट्टी पुन्हा दिसू लागली आणि तिसरा पुरा होताना लाल ठिपका आपल्या जागी हजर झाला. फक्त त्याच्या कडा जराशा पुसट झाल्या होत्या. पॅथॉलॉजिस्ट मावशींनी तो प्रयोग पुन्हा करायला लावला आणि या खेपेला पेला स्वतः फिरवला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी हाच प्रयोग चित्रफितीवर करून दाखवला आहे. सूक्ष्म जीव कसे पोहतात यावरचा त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९५१ सालचा, म्हणजे कादंबरीच्या आधीचा.

आता सिनेमातले आणि पुस्तकातले पाणबुडे आठवा. पाणबुडीतून बाहेर पडून पायाला पंख लावून ते पोहतात. ताठ पंख वर, मग खाली, पुन्हा वर. हा झाला शिंपलाच! पुढे जायचं तर अशी हालचाल हवी जी उलट क्रमाने पाहिली की वेगळी दिसेल. जीवाणूंनी यावर काढलेला तोडगा म्हणजे कशाभिका. ही मळसूत्राच्या आकाराची शेपटी असते आणि तिच्या मुळाशी प्रथिनांची खरोखरची फिरती मोटर असते, सेकंदाला शंभराच्या आसपास फेरे घेणारी. मळसूत्र उलट क्रमाने पाहिलं तर ते उलट दिशेला फिरताना दिसतं, म्हणून शिंपल्याचा नियम त्याला लागू होत नाही.

शिवाय कप्तानाला दिशा धरून ठेवता येणार नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के मायक्रॉनभर वस्तूला सतत बसत असतात आणि तेवढ्यानेच तिचं तोंड सेकंदाभरात भलतीकडे वळतं. वर केशवाहिनीचा प्रवाह. ८ मायक्रॉन रुंदीच्या वाहिनीत रक्त सेकंदाला अर्धा मिलिमीटर वाहतं, मधोमध जोरात आणि भिंतीशी जवळपास स्थिर. वेगातल्या या फरकामुळे भिंतीलगतची वस्तू कोलांट्या खाऊ लागते. मी आकडेमोड केली तर सेकंदाला सुमारे चाळीस कोलांट्या आल्या. खिडकीतून तांबड्या पेशींची शोभा पाहणं तर दूरच, कारण तिथल्या माणसाच्या डोळ्याची बाहुली प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पटींनी लहान असणार.

हे सगळं माहीत असलं की व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या काही गोष्टी तिथल्या तिथे खोडता येतात. ‘रक्तात नॅनोरोबो सोडा, ब्लॉकेज साफ’ असं सांगणाऱ्याला विचारावं की तो रोबो पोहतो कशाने, त्याला ऊर्जा कोण देतं आणि वाहत्या रक्तात तो जागेवर टिकतो कसा. अष्टसिद्धींतल्या अणिमेचा, म्हणजे अणूएवढं लहान होण्याच्या सिद्धीचा, दाखला देऊन ‘आपल्याकडे हे तंत्र होतंच’ म्हणणाऱ्यांनाही हेच विचारावं. अणिमा ही सुंदर कल्पना आहे, पण तिच्यात कुठेही वजनमाप नाही, बल नाही, प्रयोग नाही. कल्पनेला तंत्रज्ञान म्हटलं की कल्पनेचाही अपमान होतो आणि तंत्रज्ञानाचाही. ज्याच्या घरी हृदयाचा रुग्ण आहे त्याने अशा मेसेजवर विसंबून गोळ्या थांबवल्या तर त्याची किंमत फार मोठी आहे.

खरं काम चालू आहे, पण ते गाजावाजा न करता. २००९ साली अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांनी काचेची, मायक्रॉन-दोन मायक्रॉन लांबीची मळसूत्रं बनवली. त्यांच्यावर कोबाल्टचा थर दिला आणि बाहेरून फिरतं चुंबकीय क्षेत्र लावून ती पाण्यात हवी तशी चालवली. त्यांच्यात इंजिन नाही, इंधन नाही, कप्तान तर नाहीच. घोष पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. तिथल्या संशोधकांनी २०२२ साली अशीच मळसूत्रं काढलेल्या दातांच्या सूक्ष्म नलिकांमध्ये खोलवर नेऊन दाखवली. रूट कॅनालनंतर तिथे दडून राहणारे जीवाणू मारायला त्यांचा उपयोग व्हावा, असा हेतू आहे.

राहिला मावशींचा लसीकेचा मुद्दा. पाणबुडीला उत्तम मळसूत्र बसवलं आणि ती जीवाणूच्या वेगाने, सेकंदाला ३० मायक्रॉन गेली असं धरू. ६० मिनिटांत ती स्वतःच्या जोरावर जेमतेम ११ सेंटीमीटर जाते. फुप्फुसापासून कानापर्यंतचं अंतर पाव मीटरहून जास्त आहे. लसीका अगदी थांबून राहिली आणि झडपा उघड्या सापडल्या, तरी त्या एका टप्प्यालाच अडीच तास हवेत.