बोर्गुंडचे लाकडी चर्च आठशे वर्षे कसे टिकले?

नॉर्वेच्या पश्चिम भागातील लेर्दाल खोऱ्यात बोर्गुंड या लहानशा वस्तीपाशी एक लाकडी चर्च उभे आहे. त्याच्यासाठी वापरलेली झाडे ११८०-८१ च्या हिवाळ्यात तोडली गेली, असे लाकडातील वलयांवरून ठरवता आले आहे. अनुकूल उन्हाळ्यात वलय रुंद होते, प्रतिकूल उन्हाळ्यात अरुंद; त्यामुळे त्या प्रदेशातील ज्ञात वलयक्रमाशी तुळईतील क्रम जुळवला आणि सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असले, तर झाड कोणत्या वर्षी पडले हे नेमके सांगता येते.

या चर्चआधीच्या पिढ्यांत बांधलेल्या लाकडी चर्चचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत. अशा खांबांचे खड्डे नॉर्वेतील उर्नेस येथे, आज उभ्या असलेल्या चर्चच्या खाली उत्खननात सापडले आहेत. शेताच्या कुंपणाचा खांब नेहमी जमिनीलगतच का कुजतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही: लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात, आणि दोन्ही मुबलक मिळण्याची जागा तीच. बोर्गुंडच्या सुतारांनी खांब जमिनीतून बाहेर काढले. दगडी पायावर आडव्या जाड तुळया एकमेकींना छेदतील अशा ठेवल्या, त्यांवर खांब उभे केले आणि भिंतीच्या उभ्या फळ्या चौकटीच्या खाचांत बसवल्या. माझ्या मते छतावरच्या प्रसिद्ध ड्रॅगनमुखांपेक्षा या पायाकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

मात्र जमिनीत रोवलेला खांब स्वतःच्या बळावर ताठ राहतो, तसा तुळईवर ठेवलेला राहत नाही. वाऱ्याने तो कलू शकतो. म्हणून आत मान वर करून पाहिले, की खांबांना दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या आडव्या तुळयांच्या जोड्या, त्यांच्यामधील गुणाकाराच्या चिन्हासारखे तिरपे आधार आणि सांध्यांत बसवलेले वक्र लाकडी तुकडे दिसतात. हा सांगाडा इतका पक्का आहे, की मधले काही खांब जमिनीपर्यंत आणलेलेच नाहीत.

लाकूड पाइनचे आहे. पाइनच्या गाभ्यात राळ आणि बुरशीला रोखणारी द्रव्ये असतात. त्यावर पाइनच्याच लाकडापासून काढलेल्या डांबराचा लेप पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि त्यामुळेच बाहेरून सारी वास्तू काळपट दिसते. एकावर एक चढत गेलेली उतरती छपरे पाणी दूर टाकतात, तर सभोवतालची अरुंद ओसरी भिंतीचा सर्वांत नाजूक भाग, म्हणजे तिचे बूड, पावसापासून वाचवते.

१८५१ च्या कायद्याने चर्चमध्ये परिसरातील लोकसंख्येच्या ठरावीक हिश्श्याला पुरेल एवढी जागा बंधनकारक केली. त्यानंतर अशी अनेक जुनी, लहान चर्च पाडली गेली. आज नॉर्वेत जेमतेम २८ उरली आहेत. बोर्गुंडमध्ये १८६८ साली शेजारीच नवे चर्च बांधले गेले, पण जुने पाडले नाही. १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या नॉर्वेतील संस्थेने ते विकत घेतले, आणि आजही तीच ते सांभाळते.