स्ट्रॅटेजी गेम कोणता घ्यावा, आणि त्यासाठी ग्राफिक कार्ड घेण्याआधी काय तपासावं

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की काउंटरवर दिवसातून चार-पाच वेळा एकच प्रश्न येतो : "एज ऑफ एम्पायर्ससारखं आणखी काय आहे?" त्याच्या पाठोपाठ दुसरा : "आणि त्याला ग्राफिक कार्ड कोणतं लागेल?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला मनापासून आवडतं. दुसऱ्यापायी मात्र ग्राहकांचे पैसे जातात आणि आमचे तास. म्हणून दोन्हीची उत्तरं इथे एकदाच नीट लिहून ठेवतो आहोत.

स्ट्रॅटेजी म्हणजे इथे रिअल टाइम स्ट्रॅटेजी. बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल नाही. तुमची माणसं लाकूड तोडत असतात तेव्हाच समोरच्याचीही तोडत असतात, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. हा साचा १९९२ च्या ड्यून टूने घालून दिला आणि १९९५ च्या कमांड अँड कॉन्करने तो घरोघरी नेला. आज चाळिशीत असलेल्या बऱ्याच जणांनी तो नेटकॅफेत तासावर पैसे देऊन खेळलेला आहे. त्यांच्यासाठी २०२० साली त्याची आणि त्याच मालिकेतल्या रेड अलर्टची नव्याने रंगवलेली आवृत्ती एकत्र आली. आठवणींसाठी घेत असाल तर खुशाल घ्या.

पहिल्यांदाच खेळणार असाल आणि एकच नाव हवं असेल, तर एज ऑफ एम्पायर्स टू, डेफिनिटिव्ह एडिशन. मूळ गेम १९९९ चा, ही आवृत्ती २०१९ ची. इतका जुना गेम का सुचवता, असं लोक विचारतात. कारण त्याची पहिली दहा मिनिटंच हा सगळा प्रकार शिकवून जातात. सुरुवातीला हातात तीन गावकरी, एक घोडेस्वार, २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं आणि २०० दगड. नवा गावकरी ५० अन्नात आणि २५ सेकंदांत तयार होतो. म्हणजे टाउन सेंटर, ही गावकरी तयार करणारी मुख्य इमारत, एक मिनिट रिकामं राहिलं तर दोन गावकरी कमी झाले, आणि ते दोघं पुढे तासभर जे गोळा करणार होते तेही गेलं. नवीन माणूस नेमका इथे हरतो. तो सैन्य बघत बसतो आणि घर उपाशी राहतं. कीबोर्डवर एच दाबलं की टाउन सेंटर निवडलं जातं, पूर्णविरामाचं बटण दाबलं की रिकामा बसलेला गावकरी सापडतो. एवढी दोन बटणं बोटांत बसली की निम्मा गेम आला. आत 'आर्ट ऑफ वॉर' नावाचे छोटे धडे आहेत. ऑनलाइन कुणाशी भिडण्याआधी ते सगळे करा. मेनू हिंदीत करता येतो, त्यामुळे सातवी-आठवीतल्या मुलांनाही जमतं. २०२२ साली त्यात बंगाली, द्राविड आणि गुर्जर या तीन संस्कृती आल्या आणि राजेंद्र चोळाची मोहीमही आली. चोळांचं आरमार घेऊन समुद्रावर निघताना आमच्या दुकानातल्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते.

काही जण या गेमची किंवा त्या काळातल्या दुसऱ्या गेमची जुनी सीडी घेऊन येतात आणि "चालत नाही, ड्राइव्ह बिघडलाय का बघा" म्हणतात. त्या काळचे बरेच गेम सेफडिस्क नावाच्या कॉपी-संरक्षणावर चालत, आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने ते चालवणं बंद केलं. सीडी ठीक, ड्राइव्हही ठीक. नवीन आवृत्ती घेणं हाच मार्ग.

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर झिरो एडी. स्वयंसेवकांनी बनवलेला, मुक्त सोर्सचा (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), कायदेशीररीत्या फुकट. यात मौर्य आहेत. चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य हे तिघंही नायक म्हणून मिळतात. मौर्यांचा कामकरी हत्ती तर आमचा फार आवडता. इतरांच्या गावकऱ्यांना तोडलेलं लाकूड कोठारापर्यंत वाहून न्यावं लागतं. मौर्यांचा हत्ती झाडांशेजारी नेऊन उभा केला की माणसं जागेवरच ओझं त्याच्याकडे देतात आणि पुन्हा तोडायला लागतात. जंगल सरकलं की हत्ती सरकवायचा. स्टारक्राफ्ट टूसुद्धा २०१७ पासून फुकट आहे, पहिल्या पूर्ण मोहिमेसकट. पण त्याचा वेग जबर आहे, हा तुमचा पहिला गेम नसावा.

"महाराजांवरचा किंवा मराठ्यांचा गेम द्या" अशी मागणी पुण्यात होणारच. दिवाळीत मातीचे किल्ले करणारी मुलं आपली. एम्पायर : टोटल वॉर या २००९ च्या गेममध्ये मराठ्यांकडून खेळता येतं. नकाशावरचा भाग आळीपाळीचा, लढाई मात्र प्रत्यक्ष वेळेत. मुख्य मोहीम १७०० सालापासून सुरू होते, म्हणजे सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं तेच वर्ष. समोर मुघल. शिवकाळ त्यात नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मुलांचा हिरमोड होतो.

बाकीचे थोडक्यात. लाकूडतोडीचा कंटाळा येत असेल तर कंपनी ऑफ हीरोज. दुसरं महायुद्ध, भिंतीआड दबा धरून पुढे सरकायचं. घाई सोसत नसेल तर दे आर बिलियन्स. स्पेसबार दाबून वेळ थांबवायची, शांतपणे हुकूम द्यायचे, पुन्हा सुरू करायचं. लहान तुकड्या आणि कडाक्याचा हिवाळा हवा असेल तर नॉर्थगार्ड.

आता दुसरा प्रश्न.

परवा कोथरूडहून एक काका आले. मुलाचा एज ऑफ एम्पायर्स अडकतो म्हणून त्यांनी ऑनलाइन ग्राफिक कार्ड मागवलं होतं. ते बसवायचं तर पॉवर सप्लाय पुरेना, म्हणून तोही बदलला. घरी नेलं, गेम तसाच अडकला. तिसऱ्या खेपेला कॅबिनेट उघडलं तेव्हा प्रोसेसरच्या, म्हणजे सगळा हिशेब करणाऱ्या चिपच्या, कूलरवर पंख्याखाली धुळीची गादी बसलेली होती, बोटाने उचलली तर सलग निघाली. खालची, उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. प्रोसेसर तापत होता आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत होता. साफ केलं, नवी पेस्ट लावली, गेम चालला. कार्ड मात्र परत करायची मुदत उलटून गेली होती. महिन्याकाठी अशी दोन-तीन मशीन आमच्याकडे येतात, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

का होतं हे समजून घ्या. रणांगणावरच्या प्रत्येक सैनिकाने कोणत्या वाटेने जायचं, कुणाला कोण दिसतंय, बाण कुणाला लागला, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. ग्राफिक कार्ड चित्र रंगवतं. आठ खेळाडू, प्रत्येकाचे २०० जीव, म्हणजे सोळाशे जणांचा हिशेब दर क्षणाला. शिवाय या हिशेबाचं पुढचं पाऊल मागच्या पावलावर अवलंबून असतं, त्यामुळे त्याचा मोठा भाग एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच काम करणाऱ्या भागावर, पडतो. मशीनवर किती भार आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये "प्रोसेसर ३० टक्केच वापरला जातोय" असं दिसतं, आणि ग्राहक म्हणतात, प्रोसेसर तर रिकामा आहे, मग कार्डच कमी पडत असणार. तो आकडा सगळ्या कोअरची सरासरी आहे. त्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा दाखवायला सांगा. एक माथ्याला टेकलेला आणि बाकीचे निवांत दिसतील.

आणखी एक गैरसमज शब्दामुळे होतो. आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात. आम्ही फोनवर "सीपीयू कमी पडतोय" म्हटलं की समोरच्याला वाटतं, दुकानदार सगळं मशीनच बदलायला सांगतोय. तसं नाही. सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. म्हणून या पत्रकात आम्ही 'प्रोसेसर' हाच शब्द वापरला आहे.

दोष कुणाचा हे घरीच पाहता येतं. संगणकाविरुद्ध मोठी लढाई लावा, अडकायला लागली की एफ थ्री दाबून गेम थांबवा आणि माउसने नकाशा इकडून तिकडे सरकवा. थांबलेल्या गेममध्ये नकाशा गुळगुळीत सरकत असेल तर कार्ड आपलं काम नीट करतंय. अडतोय तो हिशेब. खात्री करायची तर रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) कमी करून तीच लढाई पुन्हा खेळा. चित्र लहान झालं तरी अडकणं तेवढंच असेल तर नवीन कार्डाने काहीही होणार नाही. आणि गेम पहिल्या दहा मिनिटांत झकास, चाळिसाव्या मिनिटाला रखडत असेल, तर ते सैन्य वाढल्याचं किंवा मशीन तापल्याचं लक्षण आहे.

मित्रांबरोबर खेळणाऱ्यांनी एक गोष्ट अधिक लक्षात ठेवावी. या जातीच्या बऱ्याच गेममध्ये इंटरनेटवरून सैनिक पाठवले जात नाहीत, फक्त हुकूम पाठवले जातात, आणि प्रत्येकाचं मशीन सगळी लढाई स्वतः मोजतं. पहिला एज ऑफ एम्पायर्स बनवताना २८.८ केबीपीएसच्या, म्हणजे फार संथ, मोडेमवर आठ जणांना खेळता यावं असं उद्दिष्ट होतं. तेवढ्या बारीक नळीतून हुकूमच जाऊ शकतात. त्यामुळे सगळ्यांना एका तालात चालावं लागतं. ढोलपथकात एक जण मागे पडला की ताशावाल्याला ठेका खाली आणावा लागतो, तसंच हे. आठांतलं एक मशीन संथ असेल तर आठही जणांचा गेम संथ होतो. म्हणूनच एज ऑफ एम्पायर्स टू रँक्ड, म्हणजे क्रमवारीचे ऑनलाइन सामने, खेळण्याआधी मशीनची चाचणी घेतो आणि १००० गुण मागतो. तुमचा गेम फक्त मित्रांबरोबर रखडत असेल आणि एकट्याने खेळताना नीट चालत असेल, तर तुमच्या मशीनवर एक रुपयाही घालू नका. मित्राला आमच्याकडे पाठवा.

मग काय करावं? आम्ही ज्या क्रमाने सुचवतो तोच क्रम सांगतो. आधी साफसफाई आणि पेस्ट. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून खेळा, बॅटरीवर तो वेग कमी करतो; गादीवर ठेवला तर खालून हवाच मिळत नाही. नंतर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी. वेगळं कार्ड नसलेल्या मशीनमध्ये रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावल्याने खरोखर फरक पडतो, कारण आतलं ग्राफिक तीच रॅम वापरतं आणि दोन पट्ट्यांमुळे वाट दुप्पट रुंद होते. एसएसडीने, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी लावायच्या वेगवान डिस्कने, गेम लवकर उघडेल, लढाई वेगात होणार नाही; आम्ही एसएसडी विकतो, तरीही हे सांगतो. त्यानंतर, मदरबोर्ड तोच ठेवून वरचा प्रोसेसर बसतो का ते पाहायचं. बरेचदा बसतो. ग्राफिक कार्ड सगळ्यात शेवटी, आणि तेही टोटल वॉरचे किंवा कंपनी ऑफ हीरोजचे नवे भाग उंच सेटिंगवर खेळायचे असतील तर. एज ऑफ एम्पायर्स टूच्या किमान गरजांच्या यादीत इंटेल एचडी ४००० हे प्रोसेसरमधलंच ग्राफिक आहे. फक्त त्याचा फुकट मिळणारा मोठ्या चित्रांचा जादा पॅक साध्या मशीनवर टाकू नका. तो टाकून "गेम जड झाला" म्हणून आलेली मशीनही आम्ही पाहिली आहेत. काढला की काम झालं.

आमच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. "कार्ड द्या, बाकी विचारू नका" असं म्हणणाऱ्यांनाही आम्ही आधी मशीन आणायला सांगतो, आणि त्यावर काही जण रागावतात. तपासणीला दीड-दोन तास लागतात कारण मशीन तापेपर्यंत लढाई चालवून बघावी लागते. पाच मिनिटांत चालू करून दाखवलेलं थंड मशीन सगळंच नीट चालवतं. तपासणीचे ३०० रुपये घेतो, आमच्याकडे असेंबल केलेल्या मशीनला घेत नाही, आणि पार्ट घेतल्यास बिलातून वजा करतो. बाहेरून आणलेलं कार्ड बसवून देतो, पण आधी तपासणी केल्याशिवाय नाही. पेनड्राइव्हवरून गेम टाकून देत नाही. क्रॅक केलेला, म्हणजे संरक्षण तोडलेला चोरीचा गेम टाकताना अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि मग तेच मशीन आठवड्याभरात फॉरमॅटला येतं. तोवर घरच्यांचे फोटो गेलेले असतात. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात सेल लागतो तेव्हा असे जुने गेम पुष्कळ स्वस्त होतात. खातं उघडून देणं, विशलिस्ट लावून देणं आम्ही फुकट करतो.

काउंटरच्या डावीकडच्या मशीनवर झिरो एडी आणि एज ऑफ एम्पायर्स टू टाकून ठेवले आहेत. त्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड नाही. शनिवारी दुपारनंतर मुलांना घेऊन या, अर्धा तास खेळू द्या, मोठी लढाई लावून बघा. चालतंय असं वाटलं तर तशाच मशीनचं कोटेशन लगेच देऊ.

तपासणीला येताना कॅबिनेट आणा. मॉनिटर, कीबोर्ड नको. लॅपटॉपचा चार्जर मात्र विसरू नका. आणि ज्या लढाईत गेम अडकतो ती सेव्ह करून ठेवा, आम्ही तीच उघडून बघू.