जुन्या मोटारींची घरगुती दुरुस्ती : सातारा-सांगलीची पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या फियाट, अ‍ॅम्बॅसडर आणि जीप आजही चालत्या स्थितीत आढळतात. त्यांपैकी अनेकांची देखभाल मालक घरच्या पडवीत किंवा शेतातल्या शेडमध्ये स्वतःच करतात आणि जे काम घरी होण्यासारखे नाही तेवढेच लेथवाल्याकडे (यंत्रावर धातू कातून भाग घडवणाऱ्याकडे) नेतात. हा हौशी लोकांचा छंद आहे, असे सहसा सांगितले जाते. हौस असतेच, पण तेवढ्याने या गोष्टीचा उलगडा होत नाही. या भागातली घरगुती दुरुस्ती टंचाईतून जन्मली आणि नांगर, पंप व ऑईल इंजिनांच्या धंद्यातून तयार झालेल्या कारागिरीवर वाढली, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यापूर्वी आजच्या या दोन जिल्ह्यांच्या प्रदेशात सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशी संस्थाने होती. मोटार म्हणजे संस्थानिक, काही डॉक्टर-वकील आणि मोजके सावकार यांच्याकडची वस्तू. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली, तरी सुटे भाग बोटीनेच येत असत, त्यामुळे एखादा बुश (सांध्यात बसणारी धातूची नळी) किंवा स्प्रिंगचा पाटा मोडला तर गाडी आठवडेच्या आठवडे उभी राही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले, आयात आटली आणि मोटारींच्या मागे लोणारी कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर त्या चालवण्याची वेळ आली. तो गॅस नीट गाळला नाही तर राख सिलिंडरमध्ये जाऊन त्याची आतली भिंत (बोअर) आणि पिस्टनच्या रिंगा खराब होत, म्हणून इंजिन वरचेवर उघडावे लागे. गाडीबरोबर तिचे इंजिन खोलणारा माणूसही जवळ हवा, ही जाणीव तेव्हापासूनची आहे.

असा माणूस या भागात मिळत होता आणि त्याला कारण होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. तीच आजची किर्लोस्करवाडी. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर आणि पुढे डिझेल इंजिने होऊ लागली. ओतीव काम, कातकाम, फिटिंग ही कामे शेतकऱ्यांच्या मुलांनी तिथे शिकून घेतली. कृष्णा-वारणेच्या काठी पाणी उपसायला ऑईल इंजिने बसली तशी गावोगावी त्यांची दुरुस्ती करणारी माणसे तयार झाली. ज्याने विहिरीवरच्या इंजिनाचा पिस्टन काढून रिंगा बदलल्या, ज्याला बेअरिंगचा आवाज ओळखता येतो, त्याला मोटारीचे इंजिन अगदीच परके वाटत नाही. सांगलीत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि १९५५ मध्ये त्याला उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. याच वालचंदांनी १९४४ साली, पुढे फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली होती आणि कूपर यांचा कारखानाही त्यांच्याच उद्योगसमूहात गेला. म्हणजे इथल्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसलेली फियाट आणि इथली लेथ यांचे धागे एकाच उद्योजकापाशी येऊन मिळतात.

खरा निर्णायक टप्पा १९५३-५४ चा. देशी उद्योगांच्या संरक्षणाबाबत सल्ला देणाऱ्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने असे धोरण ठरवले की, ज्यांच्याकडे सुटे भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच मोटारी कराव्यात. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी तेव्हा काढता पाय घेतला. सामान्य खरेदीदारापुढे उरल्या त्या मुख्यतः प्रीमियरची फियाट, हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. शेतावर आणि घाटरस्त्यांवर महिंद्राची जीप. नवी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून हातातली गाडी टिकवणे हा शहाणपणाचा नव्हे, गरजेचा भाग होता. या धोरणाची दुसरी बाजू मात्र आज जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या पथ्यावर पडली आहे. मॉडेले दशकानुदशके बदललीच नाहीत. १०८९ सीसीची फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००० सालापर्यंत बनत राहिली. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. त्यामुळे १९६० च्या दशकातल्या गाडीला नंतरच्या गाडीचे कित्येक भाग थेट किंवा थोड्या फेरफाराने बसतात.

घरच्या हत्यारपेटीवरही या इतिहासाचा ठसा आहे. फियाट इटालियन, म्हणून तिचे नट-बोल्ट मिलिमीटरमधले. अ‍ॅम्बॅसडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून तिचे पाने इंची मापाचे. दोन्ही गाड्या सांभाळणाऱ्याकडे पान्यांचे दोन संच असतात आणि त्यांची सरमिसळ केली की बोल्टांची डोकी गोल होतात.

त्या काळातल्या मालकाला घरी काय काय यावे लागे, हे पाहिले की आजच्या देखभालीचे स्वरूप समजते. प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉईंट घासून साफ करणे आणि त्यांतले अंतर फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) लावणे (अ‍ॅम्बॅसडरला ते साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते), प्लगवरची काजळी पाहून कार्बोरेटरमधले पेट्रोल-हवेचे मिश्रण ओळखणे, डायनामोचा कट-आऊट (बॅटरीतली वीज उलटी वाहू न देणारा स्विच) तपासणे, टॅपेट लावणे (व्हॉल्व्हची फट मापात आणणे) आणि ठरावीक अंतराने प्रत्येक निप्पलमध्ये (ग्रीस भरायच्या तोंडात) ग्रीस भरणे. यांतले शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे आहे, कारण खालची सांधेजोडणी बहुधा दुर्लक्षामुळेच झिजते. खंबाटकी किंवा पसरणी घाट चढताना इंजिन तापायचे, म्हणून रेडिएटर स्वच्छ ठेवण्याकडे इथल्या लोकांचे विशेष लक्ष. रेडिएटर तांब्या-पितळेचे असल्याने गळती लागली की झाळकाम करणारा कारागीर ती बंद करून देई. झिजलेल्या किंगपिनला (पुढचे चाक जिच्याभोवती वळते त्या खिळीला) लेथवर गनमेटल या मिश्रधातूचा बुश काढायचा आणि रीमर (भोक मापात कापणारे हत्यार) फिरवून मापात आणायचा, हे काम सांगली-मिरजेच्या किंवा शेजारच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत सहज होई. उरलेले भाग कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून यायचे. मुंबईच्या टॅक्सी फियाट होत्या तोवर तो पुरवठा चालू राहिला. २०२३ साली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि तो झराही आटत चालला आहे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हे चित्र पालटले. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यायची सवय लागली, इंधनाचे मोजमाप पुढे संगणकाकडे गेले आणि कार्बोरेटर समजणारे मिस्त्री वयाने थकत गेले. घरी दुरुस्ती करणाऱ्यांवर आज जी जबाबदारी पडते, ती याच पोकळीमुळे.

सांगलीपुरता एक वेगळा अध्याय महापुराचा. २००५ आणि २०१९ साली कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा नव्याजुन्या सगळ्याच मोटारी बुडाल्या. नव्या गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग एकदा भिजले की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. जुन्या गाडीत असे नाजूक भाग नसतात, म्हणून धीर धरला तर ती वाचते. बुडालेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह आवरावा लागतो; आधी प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर घालवायचे, इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधले पाणीमिश्रित तेल काढून टाकायचे, ड्रम उघडून ब्रेकच्या सिलिंडरांत गेलेला गाळ धुवायचा आणि डायनामो व सेल्फ उघडून वाळवायचे. कापडी आवरणाच्या जुन्या वायरी मात्र बदललेल्याच बऱ्या. हे ज्ञान पूरग्रस्त गल्ल्यांतून तोंडोतोंडी पसरले आणि माझ्या दृष्टीने ते लिहून ठेवण्याइतके महत्त्वाचे आहे.

इंधनाचा प्रश्न अलीकडचा आहे. २००० साली देशभर पेट्रोलमधले शिसे बंद झाले. ते योग्यच होते, पण शिशाच्या थराने सांभाळली जाणारी जुन्या इंजिनांची व्हॉल्व्ह-सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकते ती कड) त्यामुळे लवकर झिजू लागली, आणि कठीण धातूच्या सीट बसवणे हा त्यावरचा टिकाऊ उपाय ठरला. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ऊस हे या दोन्ही जिल्ह्यांचे प्रमुख पीक, इथल्या अनेक साखर कारखान्यांना इथेनॉलचा आधार आहे, तेव्हा त्याच्याविरुद्ध बोलणे इथे कोणाला रुचणार नाही आणि तसे बोलण्याचे कारणही नाही. मात्र इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे फुगवते किंवा चिरवते, हवेतले पाणी शोषून टाकीला आतून गंज आणते आणि मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालणे, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) थोडा मोठा करणे आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुने पेट्रोल न ठेवणे हे आता ग्रीस भरण्याइतकेच नित्याचे काम झाले पाहिजे.

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेल्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. नियमाचा हेतू चांगला आहे. पण १९७३ नंतर पेट्रोल महागले, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी जीप आणि अ‍ॅम्बॅसडरमध्ये लोकांनी डिझेल इंजिने बसवली. ऑईल इंजिनांच्या प्रदेशाला ते अगदी साहजिक होते आणि त्यामुळेच त्या गाड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या. आज त्याच गाड्या मूळ इंजिन नसल्याने या नोंदणीत बसत नाहीत. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांना एक तर जुने पेट्रोल इंजिन शोधून परत बसवावे लागते, नाही तर साध्या नोंदणीचे नूतनीकरण करत राहावे लागते, ज्याचे शुल्क १५ वर्षांहून जुन्या खासगी मोटारीसाठी एप्रिल २०२२ मध्येच ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले होते. त्या काळात केलेल्या इंजिनबदलाची नोंद आरसी पुस्तकात असेल, तर तो बदल गाडीच्या इतिहासाचाच भाग मानावा, अशी तरतूद या नियमात व्हायला हवी.