कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात घर आणि स्त्रीधन कसे मागावे

संसार मोडला की नवऱ्याची निम्मी मालमत्ता बायकोला मिळते, असा समज सोलापुरात सर्रास आढळतो. प्रत्यक्षात आपल्याकडे तसा कायदा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला मिळतो तो राहत्या घरातून हुसकावले न जाण्याचा हक्क, स्त्रीधन (लग्नात किंवा नंतर तिला मिळालेले दागिने व वस्तू) परत मिळण्याचा हक्क आणि खर्चाची रक्कम. म्हणून अर्जात नुसता ‘हिस्सा’ न मागता या मागण्या स्वतंत्रपणे मांडाव्यात. घर सासऱ्याच्या नावावर असले, तरी तिथे नांदलेल्या सुनेला राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीतील घरकुल योजनेतल्यासारखे घर बाईच्याच नावावर असेल, तर मालकीचा प्रश्नच उरत नाही. दोघांच्या नावावर असल्यास वाटणीचा दावा मात्र दिवाणी न्यायालयात करावा लागतो.

अर्ज पत्नीखेरीज आई, बहीण किंवा विधवा सूनही करू शकते. त्यासाठी घटस्फोट किंवा पोलिसांत गुन्हा नोंदवलेला असणे आवश्यक नाही. सासर पुण्याचे असले आणि बाई सोलापुरात माहेरी आली असली, तरी अर्ज सोलापूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालतो. तो स्वतः, वकिलामार्फत किंवा महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत देता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो; त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

ओळखपत्र, लग्नपत्रिका किंवा लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, सिव्हिलमधील उपचारांचे कागद आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जोडावी. घराचा सिटी सर्व्हेचा उतारा, शेतीचा सातबारा आणि नवऱ्याच्या उत्पन्नाचा जो मिळेल तो पुरावाही सोबत द्यावा. सर्वांत जास्त अडते ते दागिन्यांपाशी. सराफाची पावती बहुधा वडिलांच्या नावावर असते आणि तीही हरवलेली असते. अशा वेळी लग्न ठरवताना याद्यांच्या वेळी लिहिलेला कागद आणि अंगावर दागिने स्पष्ट दिसणारे लग्नातले फोटो उपयोगी पडतात. कोणता दागिना, अंदाजे किती तोळ्यांचा, कोणी दिला आणि आता कोणाच्या ताब्यात आहे, हे प्रत्येक दागिन्यापुढे लिहावे.

पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असे कायदा म्हणतो. व्यवहारात याहून बराच वेळ जातो, त्यामुळे मूळ अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) आदेशाचा अर्ज आणि शपथपत्र द्यावे. आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. संरक्षण आदेश, म्हणजे हिंसा करू नये असा न्यायालयाचा आदेश, मोडणाऱ्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.